झडतीचा कागद आणि घराचा उंबरठा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



निमंत्रणपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'पोलिसांची झडती आणि घरमालकाचे हक्क' असा छापला आहे. संयोजकांची क्षमा मागून मी आरंभीच त्यातील 'घरमालक' हा शब्द खोडतो. येथे बसलेल्यांपैकी कितीजणांच्या नावावर घर आहे, हे मी विचारीत नाही; उत्तर मला ठाऊक आहे. चाळीतला भाडेकरू, त्याच्याकडे राहणारा पोटभाडेकरू, झोपडपट्टीतला रहिवासी, साखर कारखान्याच्या तळावर कोपी उभारून चार-सहा महिने काढणारा ऊसतोडणी कामगार, ही आपली माणसे. झडतीच्या बाबतीत कायद्याने जो हक्क दिला आहे तो सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यापुरता ठेवलेला नाही. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात 'त्या जागेत राहणारा' असा शब्द आहे; जेथे मालकाचा उल्लेख आहे तेथेही 'मालक किंवा ताबेदार' असेच म्हटले आहे. म्हणजे उंबरठ्यावरचा हक्क मालकीचा नाही, वास्तव्याचा आहे. ही एक गोष्ट जरी आपण येथून घेऊन गेलात तरी माझे काम बरेचसे झाले.

परंतु कायदा सांगण्यापूर्वी मला एक जुनी हकीकत सांगितली पाहिजे. ती माझ्या फुशारकीची नाही.

८ मे १९७४ रोजी रेल्वेचा देशव्यापी संप सुरू झाला. मी तेव्हा कायद्याचा विद्यार्थी होतो आणि चाळीत राहत होतो. आमच्या शेजारच्या खोलीत रेल्वेच्या कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ राहत असत. युनियनचे साधे कार्यकर्ते, पुढारी वगैरे नव्हेत. संपाच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री पोलीस आले. ते गृहस्थ घरी नव्हते. घरात त्यांची पत्नी, सासूबाई आणि दोन मुले. पोलिसांनी आमचे दार वाजवले आणि "हा शिकलेला मुलगा दिसतो, याला पंच घ्या" असे म्हणून मला बाहेर बोलावले. दुसरा पंच त्यांनी बरोबरच आणला होता. तो कोण, कुठला, हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. मी गॅलरीत उभा राहिलो. आत गेलो नाही. बायकामाणसे झोपेतून उठलेली, अंथरुणे पसरलेली, अशा खोलीत शिरायचा मला संकोच वाटला. त्या संकोचात थोडी भीतीही होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने तीन कागद माझ्यापुढे आले. एकावर चार ओळी लिहिलेल्या होत्या, दोन कोरे होते. "बाकीचे ठाण्यात लिहून काढू," असे सांगण्यात आले. मी तिन्हींवर सह्या केल्या.

पुढे तो पंचनामा पाहण्यात आला. त्यात हस्तपत्रकांचा गठ्ठा होता. तो खरा होता, खोलीतून नेताना मी पाहिला होता. पण त्याखाली दोन लोखंडी गज लिहिले होते. ते मी पाहिले नव्हते, खोलीतून निघताना कोणाच्या हातातही दिसले नव्हते. आणि त्याखाली माझी स्वच्छ, वळणदार सही होती. संप २७ मे रोजी मागे घेण्यात आला, खटला उभा राहिला नाही, पण त्या गृहस्थांची नोकरी गेली. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाल्यानंतर संपात काढून टाकलेल्या कामगारांना परत घेण्यात आले, त्यात तेही आले. मधली तीन वर्षे त्या घराने कशी काढली ते मी भिंतीपलीकडून ऐकले आहे. वहिनी मला एकदाच, आणि तेही न रागावता, म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही आत यायला हवं होतंत."

आजचे माझे भाषण म्हणजे त्या वाक्याचा विस्तार आहे असे समजा.

आता कायद्याकडे वळू. १ जुलै २०२४ पासून १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले; झडतीचा सांगाडा मात्र बराचसा जुनाच आहे. घरात शिरण्याचे पोलिसांपुढे मुख्यतः दोन मार्ग असतात. पहिला दंडाधिकाऱ्याच्या वॉरंटचा. वॉरंट दाखवले की दार उघडलेच पाहिजे. न उघडल्यास ते तोडण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे. पण ते दाखवले पाहिजे, ही अट त्याच वाक्यात आहे, आणि दाखवलेला कागद वाचण्याइतका वेळ मागणे म्हणजे अडथळा आणणे नव्हे.

दुसरा मार्ग वॉरंटशिवाय झडतीचा. जुने कलम १६५, नवे कलम १८५. आपल्या लोकांच्या वाट्याला बहुतेक वेळा हाच येतो. येथे लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. वॉरंट लागत नाही म्हणजे काहीच लागत नाही, असे आपण मानतो, आणि पोलीसही आपल्याला तसेच मानू देतात. वस्तुतः तपास करणाऱ्या अधिकाऱ्याने झडतीपूर्वी लेखी नोंद केली पाहिजे: अमुक वस्तू अमुक जागी आहे असे मला का वाटते, आणि वॉरंट आणण्याइतका विलंब का परवडत नाही. कोणती वस्तू शोधायची तेही शक्य तितके नेमके लिहिले पाहिजे. अधिकारी स्वतः येऊ शकत नसेल तर ज्या हाताखालच्या माणसाला पाठवतो त्याला लेखी हुकूम दिला पाहिजे. म्हणजे 'साहेबांनी पाठवले आहे' एवढे सांगून हवालदाराला तुमची ट्रंक उघडता येत नाही. या नोंदीची प्रत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे ताबडतोब, आणि नव्या कायद्याप्रमाणे उशिरात उशिरा ४८ तासांत, गेली पाहिजे. आणि घराच्या मालकाने किंवा तेथे राहणाऱ्याने अर्ज केला तर दंडाधिकाऱ्याने ती प्रत त्याला विनामूल्य द्यायची आहे. माझ्या साऱ्या वकिलीत असा अर्ज करणारी माणसे मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली. नोंद झडतीपूर्वी केली होती की मागाहून रचली, हे उघडकीस आणणारा तोच एक कागद असतो, आणि नेमका तोच कोणी मागत नाही.

प्रत्यक्ष झडतीची रीत नव्या कलम १०३ मध्ये, जुन्या शंभराव्या कलमाप्रमाणेच, सांगितली आहे. त्या वस्तीतले दोन किंवा अधिक निष्पक्ष आणि प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवायचे. ('प्रतिष्ठित' म्हणजे धोतर-कोटवाला, असा अर्थ करणारे अधिकारी मी पाहिले आहेत. हातगाडीवाला प्रतिष्ठित नसतो असे कायद्यात कोठेही म्हटलेले नाही.) झडती त्यांच्या देखत व्हायची. काय सापडले आणि कोठे सापडले याची यादी तेथेच करून पंचांच्या सह्या घ्यायच्या. राहणाऱ्याला किंवा त्याच्या वतीने कोणाला तरी झडतीच्या वेळी हजर राहू द्यायचे, आणि सही झालेल्या यादीची प्रत त्याला द्यायची. बाईच्या अंगाची झडती बाईनेच, तिची मर्यादा सांभाळून घ्यायची. आत शिरण्यापूर्वी पोलिसांनी आणि पंचांनी आपले खिसे रिकामे असल्याचे दाखवायचे, हे कलमात लिहिलेले नाही; पण तशी रीत जुनी आहे आणि पंचनाम्यात ती लिहिलेलीही आढळते. ती मागायला संकोच कशाला? झडती घेणाऱ्याचे मन स्वच्छ असेल तर त्याला राग येण्याचे कारण नाही.

काही मित्र म्हणतील, घर, खाजगी आयुष्य, त्याचे पावित्र्य या सगळ्या मध्यमवर्गाच्या चैनी आहेत. ज्याच्या घराला दारच नाही त्याला उंबरठ्याचा हक्क सांगून काय उपयोग? हा आक्षेप मी आपल्याच चळवळीत अनेकदा ऐकला आहे. त्याला माझे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडून घेतलेले आहे. मार्च १९४७ मध्ये त्यांनी 'राज्ये आणि अल्पसंख्याक' हे निवेदन सिद्ध केले. शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी, मूलभूत उद्योग राज्याने चालवावेत, असे सांगणारा हा दस्तऐवज आपण सारे समाजवादी मोठ्या अभिमानाने दाखवतो. त्याच दस्तऐवजात माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण असावे, अशीही मागणी आहे. ज्या माणसाने जमिनीची खाजगी मालकी नको म्हटले त्यानेच घराचे दार सुरक्षित हवे म्हटले. त्याला यात विसंगती वाटली नाही, कारण ती नाहीच.

दुर्दैवाने ती मागणी घटनेत आली नाही. घटना परिषदेच्या समित्यांमध्ये आरंभी मान्य झालेली ही तरतूद, पोलिसांच्या तपासाला अडथळा होईल या भीतीने, पुढे गळाली. डिसेंबर १९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन यांनी ती दुरुस्ती म्हणून पुन्हा आणली. बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. असे नियम फौजदारी कायद्यात आहेतच, पण ते विधिमंडळाच्या हातापलीकडे नेऊन ठेवणे उपयुक्त ठरेल, असा त्यांचा अभिप्राय होता. तरीही दुरुस्ती मंजूर झाली नाही. तिचे मोल सहा वर्षांतच कळले. १९५४ साली दालमिया उद्योगसमूहाशी संबंधित ३४ ठिकाणी एकाच वेळी घेतलेल्या झडत्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींपुढे आले. अमेरिकेच्या राज्यघटनेत झडतीविरुद्ध जसा मूलभूत हक्क आहे तसा आपल्या घटनाकारांनी दिलेला नाही, मग तो आम्ही ओढूनताणून आणणार नाही, असा निकाल झाला. भांडायला गेले ते उद्योगपती. निकाल मात्र झोपडीलाही लागू झाला. तो पुरता बाजूला सरण्यास २४ ऑगस्ट २०१७ उजाडावे लागले. त्या दिवशी नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले.

मधल्या काळात जो थोडा उजेड पडला तो गरिबांच्याच घरांतून. खडकसिंग नावाचा उत्तर प्रदेशातला एक माणूस. १९४१ साली दरोड्याच्या संशयावरून त्याला पकडले आणि पुराव्याअभावी सोडून दिले. पण पोलिसांच्या दप्तरात त्याच्या नावाचे पान उघडले ते मिटले नाही. चौकीदार आणि शिपाई रात्री-अपरात्री येत, दार ठोठावीत, आरडाओरडा करून त्याला उठवीत, घरात शिरत. हा माणूस सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १८ डिसेंबर १९६२ रोजी न्यायालयाने रात्रीच्या या घरभेटींना परवानगी देणारा पोलिसांचा नियम रद्द केला. पाळतीचे बाकीचे नियम बहुमताने शाबूत ठेवले, न्या. सुब्बा राव आणि न्या. शहा यांचे मत मात्र ते सारेच जावेत असे होते. आपल्याकडे पारध्यांच्या पालांवर काय चालते ते येथे बसलेल्या मराठवाड्यातल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या साथींना मी सांगायला नको. गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण चोरी कोठेही झाली की पहिली लाथ त्यांच्याच पालावर. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' ज्यांनी वाचले आहे त्यांना त्या घरांतल्या रात्री ठाऊक आहेत. आमच्या राज्याच्या १९५१ च्या पोलीस कायद्याचे कलम १४७ काढून पाहा. कायदेशीर अधिकार किंवा वाजवी कारण नसताना इमारत, जहाज, तंबू किंवा जागा यांत शिरणाऱ्या पोलिसाला त्यात शिक्षा सांगितली आहे. तंबू हा शब्द कायद्यात आहे, मित्रहो. पाल म्हणजे तंबू नव्हे तर काय?

भिवंडीचे एक प्रकरण तर प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असावे. १९६५ साली तेथील एक पोलीस निरीक्षक रात्री गणवेशात एका बाईच्या झोपडीत शिरला आणि तिच्यावर जबरदस्ती करू लागला. बाईने आरडाओरडा केला, लोक जमले. चौकशीत तो दोषी ठरून बडतर्फ झाला; उच्च न्यायालयाने ही बाई 'तसल्या' चालीची, तिच्या शब्दावर अधिकाऱ्याची नोकरी कशी घालवायची, असे म्हणून बडतर्फी रद्द केली. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली आणि स्पष्ट सांगितले की, कोणत्याही चालीच्या स्त्रीला आपला खाजगीपणा आहे, आणि वाटेल त्याने वाटेल तेव्हा तिच्या घरात शिरावे असा अर्थ त्यातून निघत नाही. मला विचाराल तर दालमियांच्या ३४ जागांपेक्षा त्या एका झोपडीने या देशातल्या घरांसाठी अधिक काही मिळवले.

पोलिसांखेरीज दाराशी येणाऱ्या इतरांविषयी थोडे. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात पालिकेच्या अधिकाऱ्याने राहत्या घरात पाहणीसाठी शिरायचे तर राहणाऱ्याची संमती किंवा आगाऊ लेखी सूचना हवी, सूर्यास्तानंतर येऊ नये, बायकांना बाजूला होण्यास वेळ द्यावा, अशी बंधने आहेत. इंग्रजांना जे सुचले ते आमच्या वॉर्ड ऑफिसांना अजून आठवावे लागते. वीजचोरी शोधायला येणाऱ्यांसाठी २००३ च्या वीज कायद्यात नियम आहे: सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरगुती जागेची झडती तेथे राहणारा प्रौढ पुरुष हजर असल्याशिवाय घ्यायची नाही. हेतू चांगला आहे. पण एकट्या बाईने चालवलेल्या घराची गणना त्यात कशी करायची हे कायदा करणाऱ्यांना सुचलेले दिसत नाही. स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेला कायदाही आपण पाहिला. महाराष्ट्राबाहेर कापलेल्या गोवंशाचे मांस जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरवणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी रद्द केले, आणि माणूस आपल्या घरात काय खातो हा त्याच्या खाजगीपणाचा भाग आहे, अशी भूमिका घेतली.

आता ज्यावाचून हे सारे अर्धवट राहील ते सांगतो. झडती बेकायदा झाली तर पुढे काय? उत्तर कडू आहे. १९६२ साली एका पोस्टमनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, नियम मोडून झडती होत असेल तर राहणारा तिला विरोध करू शकतो आणि अशा पुराव्याकडे न्यायालय अधिक बारकाईने पाहील. परंतु एवढ्याने मिळालेला पुरावा बाद होत नाही. १९७३ च्या पूरणमल निकालाने तेच पक्के केले: वस्तू प्रस्तुत असेल तर ती बेकायदा झडतीत मिळाली म्हणून टाकून देता येत नाही. म्हणून मी कार्यकर्त्यांना निक्षून सांगतो, दारात अंगाने आडवे होऊ नका. सरकारी कामात अडथळ्याचा खटला तुमच्यावरच उभा राहील. तोंडाने हरकत घ्या, शांतपणे घ्या, आणि सही करण्यापूर्वी पंचनाम्यावर ती लिहायला लावा. लिहू दिली नाही तर दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज वरिष्ठांकडे आणि दंडाधिकाऱ्याकडे द्या.

नव्या कायद्याने झडतीचे, यादी करण्यापासून सह्यांपर्यंत, दृक्-श्राव्य चित्रण करणे सक्तीचे केले आहे. ते विलंब न लावता दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे आहे. हे स्वागतार्ह आहे, आणि १९७४ च्या त्या रात्री ते असते तर गज कोठून आले हे कळले असते, असे मला अनेकदा वाटते. पण मोबाईल पोलिसाच्या हातात असतो, काय चित्रित करायचे ते तोच ठरवतो, आणि त्या चित्रणाची प्रत राहणाऱ्याला लगेच द्यावी असे त्या कलमात म्हटलेले नाही. यंत्राने पंचाची जागा भरून निघत नाही.

आणि पंच हाच तर आपला दुखरा भाग आहे. २८ ऑगस्ट २०१८ रोजी पुणे पोलिसांनी निरनिराळ्या शहरांत कार्यकर्त्यांच्या घरांच्या झडत्या घेतल्या, तेव्हा पंच म्हणून पुण्याहून महानगरपालिकेचे कर्मचारी बरोबर नेले होते, न्या. चंद्रचूड यांनी आपल्या भिन्न निकालपत्रात या गोष्टीवर बोट ठेवले आहे. परगावचे पंच का आणता येतात? कारण वस्तीतला कोणी मिळत नसेल किंवा तयार नसेल तर इतर ठिकाणचा चालेल, असे कायदाच म्हणतो. आपण दारे लावून घेतो, दिवे मालवतो, आणि मग पोलिसांना त्यांचा ठरलेला पंच आणायला मोकळीक मिळते. लेखी बोलावणे आल्यावर कारणाशिवाय पंच होण्यास नकार देणे हा गुन्हाही आहे, पण तो धाक मला तुम्हाला घालायचा नाही. मला एवढेच मागायचे आहे की, प्रत्येक वस्तीतल्या, प्रत्येक चाळीतल्या आपल्या दोघा-तिघांनी, त्यात निदान एक बाई असावी, रात्री हाक आली तर उठून जायचे ठरवावे. आत जायचे. उघडलेली प्रत्येक पेटी पाहायची. कोऱ्या कागदावर सही करायची नाही, लिहिलेल्यावर वाचल्याशिवाय करायची नाही. शेजारी आपल्या पक्षाचा आहे की नाही, हा प्रश्न त्या वेळी विचारायचा नाही. शेजाऱ्याजवळ खरोखरच चोरीचा माल सापडला तर तोही यादीत खरा लिहिला गेला पाहिजे. आपण त्याचे वकील म्हणून गेलेलो नसतो.

दंडाधिकाऱ्याकडून झडतीच्या नोंदीची प्रत मागण्याच्या अर्जाचा नमुना मी साध्या मराठीत लिहून आणला आहे. त्यावर वकिलाची सही लागत नाही, राहणाऱ्याची पुरते. प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. शंभरच आहेत, तेव्हा प्रत्येक तालुक्याने एकेक न्यावी आणि आपापल्या गावी आणखी काढाव्यात. कोणाच्या घरची झडती गेल्या काही महिन्यांत झाली असेल तर त्यांनी जेवणाच्या सुटीत मला भेटावे, अर्ज आजच लिहू.